न मिळणारे चित्रपट डिस्कवर कसे मिळवायचे: मुंबईत नव्याने शोध घेणाऱ्यांसाठी

कुठल्याच ॲपवर नाही, यूट्यूबवर आहे पण दोन गाणी गायब, आणि घरच्यांना नेमका तोच चित्रपट पाहायचा आहे. असा चित्रपट मुंबईत अजूनही डिस्कवर मिळू शकतो. फक्त दुकानात जाऊन "अमुक सिनेमा आहे का हो?" असे विचारायचे दिवस गेले. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, आणि गल्लोगल्लीच्या सीडी लायब्ऱ्या त्याच्याही आधी मिटल्या. माल आता घरांच्या माळ्यांवर, रद्दीच्या दुकानांत आणि चोर बाजारात आहे.

तिथे नुसते चित्रपटाचे नाव घेऊन फिरणारा दमतो. कारण एकाच चित्रपटाच्या चार आवृत्त्या निघालेल्या असतात. त्यातली एक पूर्ण असते, दुसरी वीस मिनिटे कमी, तिसरी अस्पष्ट आणि चौथी चोरीची. कुठल्या कंपनीने, कशावर, किती डिस्कमध्ये आणि किती मिनिटांचा काढला हे ठाऊक असेल, तर ढिगाऱ्यातून नेमकी वस्तू नुसता कव्हरचा कणा बघून ओढता येते.

घरी बसून करायची तयारी

एक वही करा. प्रत्येक चित्रपटापुढे वर्ष, भाषा, दिग्दर्शक, दोन मुख्य कलाकार आणि मूळ लांबी लिहा.

वर्ष लिहायचे कारण सोपे आहे. 'श्यामची आई' १९५३चा आहे, तसा २०२३चाही आहे. भाषेचा घोळ जास्त फसवा. प्रभातचा 'कुंकू' १९३७ साली हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून निघाला आणि १९३९चा 'माणूस' हिंदीत 'आदमी' झाला. 'पिंजरा' तर मराठीत आणि हिंदीत एकाच नावाचा. कव्हरवर फोटो तेच, दिग्दर्शक तोच, आणि घरी येऊन लावली की संवाद हिंदीत. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात भाषा छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

ऑनलाइन शोधताना स्पेलिंगचा त्रास होतो. कव्हरवर नाव बहुतेक वेळा रोमन लिपीत असते आणि ते लावताना कोणी व्याकरण पाहिलेले नसते. 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाकून बघा, 'आ' साठी एक ए आणि दोन ए, 'ज्ञ' साठी डीएनवाय आणि जीवाय. नावाने काहीच आले नाही तर मुख्य नटाचे नाव आणि 'मराठी व्हीसीडी' (म्हणजे व्हिडिओ सीडी) एवढेच टाका. विकणाऱ्याने शीर्षकच चुकीचे लिहिलेले असण्याची शक्यता चांगली मोठी असते.

मग कंपनी शोधा. हिंदी आणि मराठी जुन्या चित्रपटांसाठी शेमारू आणि अल्ट्रा ही मुंबईची दोन नावे सतत भेटतील. मराठीसाठी एव्हरेस्ट, आणि नाटकांच्या व्हीसीडींसाठी पुण्याची फाउंटन. मोझर बेअरचे प्रकरण वेगळे. ही मुळात कोऱ्या डिस्क बनवणारी कंपनी. ती चित्रपटांच्या धंद्यात उतरली तेव्हा व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. बाजारात त्यांचा इतका माल आला की आजही प्रत्येक ढिगात त्यांची पातळ पाकिटे निघतात. कंपनी २०१८ साली अवसायनात गेली, त्यामुळे त्या आवृत्त्या आता पुन्हा निघायच्या नाहीत. एखादा मराठी चित्रपट त्यांच्याकडूनच आला असेल तर दिसल्या क्षणी घ्या, नंतर घेऊ म्हणून ठेवू नका.

समांतर चित्रपट हवा असेल तर आधी एनएफडीसीचे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे, 'सिनेमाज ऑफ इंडिया' हे लेबल तपासा. त्यांनी चित्रपट दुरुस्त करून काढले. तुमचा चित्रपट त्यात असेल तर बाकीच्या आवृत्त्यांमागे धावण्यात अर्थ नाही.

कशावर मिळेल

ब्लू-रेवर जुना मराठी चित्रपट मिळण्याची आशा फारशी धरू नका. लेसरडिस्क म्हणजे ती ताटाएवढी, ३० सेंटिमीटरची चकती, चोर बाजारात क्वचित दिसते. प्लेअर नसेल तर ती भिंतीवरच शोभते.

खरा साठा व्हीसीडीचा. १९९३ साली ठरलेले हे स्वरूप अमेरिका-युरोपात फारसे रुजले नाही, आपल्याकडे मात्र घराघरांत शिरले. सत्तर ते नव्वदच्या दशकांतले कितीतरी मराठी चित्रपट व्हीसीडीवर आले आणि त्यापुढे गेलेच नाहीत. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीडीच्या पाव हिश्श्याचे. एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटे बसतात, म्हणून चित्रपट दोन डिस्कचा आणि लांबलचक असेल तर तीनचा. देशाचे कुलूप नाही, कॉपीचे कुलूप नाही. सबटायटल असलीच तर चित्रावरच छापलेली, बंद करता येत नाहीत. मोठ्या एलईडी टीव्हीवर व्हीसीडी वाईट दिसते हे खरे. टीव्हीची सेटिंग ४:३ वर ठेवा आणि दोन हात मागे बसा, बरीच सुसह्य होते. चित्र ताणून पडदाभर केले तर दोष डिस्कचा नाही.

डीव्हीडीत एक सापळा आहे, 'थ्री इन वन', म्हणजे एका डिस्कवर तीन चित्रपट. एकेरी थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी बसतात. अडीच तासांचा एक चित्रपट असेल तर त्याला सेकंदाला चार मेगाबिटच्या थोडे वर मिळतात. दोन थरांच्या ८.५ जीबीवर तसेच तीन कोंबले की प्रत्येकाला अडीच मेगाबिट उरतात. नाच आणि पाऊस असलेल्या प्रसंगांत लगेच चौकोन दिसू लागतात. एका चित्रपटाची वेगळी डीव्हीडी मिळत असेल तर थ्री इन वन घेऊ नका. तिसरा चित्रपट दुसरीकडे कुठेच नसेल तर मात्र बिनतक्रार घ्या.

लांबीचा हिशेब

नवखे लोक इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश.

चित्रपट सुरू होताना सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला २७.३६ मीटर पळते. प्रमाणपत्रावर ४१०४ मीटर असेल तर भागाकार करा, १५० मिनिटे. हा झाला थिएटरमधला वेळ.

आता डिस्क. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि आपली टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींनी. पाल व्हीसीडी किंवा डीव्हीडीवर चित्रपट जरासा जलद पळतो, म्हणून वेळ सुमारे चार टक्क्यांनी कमी दिसते. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. काहीही कापलेले नसते, आवाजाची पट्टी किंचित चढलेली वाटते एवढेच. एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर मात्र १५० ची १५०च भरायला हवीत. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या आपल्या डीव्हीडी पुष्कळदा एनटीएससी असतात, तेव्हा आधी पद्धत बघा आणि मग आकडा.

समजा पाल व्हीसीडीच्या दोन डिस्कची बेरीज १३३ मिनिटे आली. हवी होती १४४. अकरा मिनिटे कमी, आणि हा आकडा बोलका आहे. हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. म्हणजे ज्या प्रिंटवरून ही आवृत्ती काढली त्यातले एक अख्खे रीळ नव्हते, किंवा खराब होते. तूट चार-पाच मिनिटांची असेल तर संशय गाण्यावर घ्या. आणि चित्रपट १७० मिनिटांचा असून कंपनीने तो दोनच डिस्कमध्ये बसवला असेल, तर कात्री लागली असण्याची शक्यता मोठी, कारण पालमध्येही तो १६३ मिनिटांचा होतो आणि दोन डिस्कमध्ये जेमतेम १६० मावतात.

कव्हरवर छापलेल्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका, ती पुष्कळदा अंदाजपंचे असतात. डिस्क लावून प्लेअरवरचा शेवटचा आकडा बघा. दोन आवृत्त्यांत दोन वेगवेगळी गाणी गेलेली असतील तर दोन्ही घ्याव्या लागतात. त्याला इलाज नाही.

कुठे आणि केव्हा

चोर बाजार ग्रँट रोड आणि सँडहर्स्ट रोड या स्टेशनांच्या मधे, भेंडी बाजाराच्या अंगाला. मटण स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद असतात. सकाळी अकरानंतर जा, त्याआधी अर्धी शटरे खालीच असतात. पुढे मांडलेली पोस्टर आणि ग्रामोफोन पाहून भाव ऐकू नका, ती पर्यटकांची बाजू. डिस्क आणि कॅसेट मागे खोक्यात असतात आणि बहुतेक वेळा दुकानदारालाही आत काय आहे ते माहीत नसते. खोके उतरवून बसून पाहायची परवानगी मागा. घेताना एकेक भाव न करता पंधरा-वीस बाजूला काढा आणि ढिगाचा एकच भाव करा. हवी असलेली वस्तू ढिगाच्या मधे ठेवा, वर नको.

चोर बाजारापेक्षाही चांगला माल आपल्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे येतो, कारण तिथे तो कोणी निवडून काढलेला नसतो. गिरगाव, लालबाग, दादर, पार्ले इथे इमारती पुनर्विकासाला गेल्या की लोक घरे रिकामी करतात आणि माळ्यावरचे सगळे खाली येते. रद्दीवाल्याच्या लेखी डिस्क म्हणजे प्लास्टिक. त्याला आधीच सांगून ठेवावे लागते: "शेठ, सीडी-कॅसेट आल्या तर वजनात टाकू नका, मला फोन करा. किलोपेक्षा जास्त देतो." नंबर लिहून द्या आणि महिन्यातून एकदा चक्कर मारा, नुसत्या फोनवर कोणी लक्षात ठेवत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या साफसफाईचे तीन आठवडे हा वर्षातला सर्वात चांगला हंगाम. पावसाळ्यात येणारा माल भिजलेला असतो.

एखादी सीडी लायब्ररी शटर ओढून पडलेली माहीत असेल तर शेजारच्या दुकानात चौकशी करा. मालकाकडे साठा अजून असू शकतो. लायब्ररीच्या प्रतींवर नंबराचे स्टिकर आणि भरपूर ओरखडे असतात, पण दुर्मीळ नावे तिथेच सापडतात.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला असा निरोप पाठवा:

"नमस्कार. या व्हीसीडीचे चार फोटो मिळतील का? कव्हर पुढून, कव्हर मागून, दोन्ही डिस्कची चमकती बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरून, आणि डिस्कच्या मधल्या भोकाजवळचा नंबर. दोन्ही डिस्क शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत चालतात का, तेवढे बघून सांगा. फोटो आले की लगेच कळवतो."

फोटो द्यायची टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

पैसे देण्यापूर्वी

कव्हर उघडा. दोन डिस्कच्या जागी एकच असणे, किंवा दुसरी डिस्क भलत्याच चित्रपटाची असणे, हे रोजचे आहे.

डिस्क ओरिजिनल आहे का? चमकती बाजू चांदीसारखी असेल तर ती कारखान्यात छापलेली. निळसर, हिरवट किंवा जांभळट झाक असेल तर ती घरच्या रायटरवर लिहिलेली. मधल्या कड्याजवळ कोरलेला नंबर आणि बारीक 'आयएफपीआय' अक्षरे असतील तर भरवसा वाढतो. कव्हरही वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ए प्रमाणे व्हिडिओवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कदाराचे नाव-पत्ता असावा लागतो. नुसता फोटो आणि खाली 'फुल एचडी' लिहिलेले असेल तर काय ते समजा. हक्कदाराचा तो पत्ता वहीत उतरवून घ्या, पुढची चौकशी करायला तोच धागा लागतो.

ओरखडे बघताना बहुतेक लोक फक्त खालची बाजू बघतात. व्हीसीडीत धोका वरून असतो. सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखाली लगेच असतो आणि त्याच्याखाली जवळजवळ सव्वा मिलिमीटर प्लास्टिक. खालचा ओरखडा पॉलिश करता येतो, वरचा खरवडा माहितीच घेऊन जातो. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे ती वरून जास्त सोसते.

दुकानात प्लेअर असेल तर सुरुवात बघण्यात वेळ घालवू नका. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, आणि बोटे लागतात ती बाहेरच्या कडेला. म्हणून भरलेल्या व्हीसीडीत पहिली बिघडतात ती शेवटची मिनिटे. दोन्ही डिस्कची शेवटची दहा मिनिटे लावा. दोन थरांच्या डीव्हीडीत लेसर बाहेरच्या कडेला जाऊन पुन्हा आत वळतो, म्हणून तिथे चित्रपटाचा मध्य तपासा.

लावायचे कशावर

अनेक ब्लू-रे प्लेअर आणि गेम कन्सोल व्हीसीडी वाचत नाहीत. साधा जुना डीव्हीडी प्लेअर सगळ्यात बरा. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, जुने प्लेअर दुरुस्त करून मिळतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात. सोबत आपली एक ओरखडे असलेली व्हीसीडी न्या आणि तीच लावून बघा. दुकानदाराची नवी कोरी डिस्क कशावरही चालते.

नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर लागत नसेल तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यावा लागतो. हा डबा चित्र रुंदीत ताणतो, तेव्हा टीव्हीवरून ४:३ निवडा. संगणकासाठी यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि व्हीएलसी पुरते.

घरी आणल्याबरोबर प्रत काढा

आधी डिस्क पुसा. मऊ सुती कापड, गरज पडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, आणि हात मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा पडला तर तो लेसरच्या वाटेवरच सलग येतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय करू नका.

व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल दिसते, तोच चित्रपट. ती साधी कॉपी-पेस्ट करायला गेलात की विंडोज पहिल्याच ओरखड्याला थांबते. लिनक्स आणि मॅकवर तर चांगली डिस्कही एरर देते. डिस्क खराब आहे असे समजून ती टाकून देणारे बरेच भेटतात. कारण वेगळे आहे. साध्या डेटा सीडीत प्रत्येक २०४८ बाइटमागे २७६ बाइट चुका शोधायला आणि दुरुस्त करायला राखलेले असतात. व्हीसीडीत ती जागासुद्धा चित्राला दिलेली असते, एका खणात २३२४ बाइट. त्यामुळे डिस्कवर जास्त मिनिटे मावतात, पण दुरुस्तीचे गणित राहत नाही आणि साधे कॉपी करणे गोंधळते. यासाठी आयसोबस्टर किंवा व्हीसीडीगियर हे प्रोग्रॅम वापरा. ते ही रचना ओळखून एमपीईजी फाइल काढून देतात.

झालेली प्रत तपासायची खूण सोपी आहे. व्हीसीडी मिनिटाला दहा एमबीच्या थोडे वर भरते. ७२ मिनिटांच्या डिस्कची फाइल ७५० एमबीच्या आसपास हवी. ५०० आली तर मधेच तुटली आहे. तेव्हा दुसऱ्या ड्राइव्हवर घालून बघा. एक ड्राइव्ह जिथे अडतो तिथून दुसरा सहज जातो, आणि जुने ड्राइव्ह पुष्कळदा नव्यांपेक्षा चिवट निघतात. दोनतीन ड्राइव्ह झाल्याशिवाय डिस्क मेली असे म्हणू नका.

मिळालेली फाइल 'लहान' करण्यासाठी दुसऱ्या स्वरूपात बदलू नका. मुळातच जेमतेम असलेले चित्र आणखी पुसले जाते. मूळ फाइल तशीच ठेवा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर.

ओरखडे असलेल्या डीव्हीडीला डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. पहिल्या फेरीत ते सोपे भाग उचलते आणि नंतर अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाते. रात्रभर चालू ठेवावे लागले तरी आश्चर्य नको. व्हीसीडीला हे वापरू नका, वरच्याच कारणाने. डीव्हीडीला कॉपीचे कुलूप असेल तर असे कुलूप तोडण्याविषयीचे कॉपीराइट कायद्याचे कलम ६५ए लक्षात ठेवा. आणि आपल्या प्रतीच्या प्रती करून विकणे हा गुन्हाच आहे, डिस्क कितीही दुर्मीळ असली तरी. चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. १९६४ साली आलेल्या चित्रपटाची मुदत २०२४ अखेर संपली.

मुंबईची हवा

डिस्कचा शत्रू ओरखडा, पण मुंबईत त्याच्या जोडीला पावसाळा. कागदी कव्हर ओल धरते, प्लास्टिकला चिकटते आणि ओढताना छपाई सोलून निघते. मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटांतून तेलकट अंश सुटतो आणि डिस्कवर ढगासारखे डाग पडतात. ती पाकिटे आणल्या दिवशी फेका आणि कडक डब्या घ्या. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी पुड्या बदलायच्या. डिस्कवर बॉलपेनने नाव लिहू नका, दाब थेट माहितीच्या थरावर जातो.

कॅसेटचे काम वेगळे

व्हीएचएस मिळाली तर उत्साहाच्या भरात लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी पावडर किंवा जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट लावली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा आणि टेप साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या.

कड काळी, एकसारखी आणि चकचकीत असेल तर मागच्या कोपऱ्यातली रेकॉर्डिंगची टॅब तोडा, म्हणजे चुकून वरून काही भरले जाणार नाही. मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षे चिकटलेले थर सुटतात. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. म्हणून आता जे यंत्र मिळेल ते जुनेच, आणि त्याचे रबर हमखास गेलेले. लॅमिंग्टन रोडच्या कारागिराला बेल्ट आणि पिंच रोलर दोन्ही बदलायला सांगा. नुसते हेड साफ करून आणलेत तर टेप चावली जाते.

संगणकावर घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचे) तसेच ठेवून घ्या. डीव्ही स्वरूपात तासाला १३ जीबी लागतात. दर काही सेकंदांनी चित्र वरच्या बाजूला वाकत असेल तर दोष टेपचा नसून वेळेच्या गडबडीचा असतो. मधे ही गडबड सुधारणारा टाइम बेस करेक्टर, किंवा तो नसेल तर एखादा चांगला डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जाण्यापुरता जोडून बघा.

परदेशातून मागवायचे असेल तर

डिस्कवरचे देशाचे कुलूप विभागाप्रमाणे असते. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, ब्रिटन २ मध्ये. ब्लू-रेला आपण सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. ४के डिस्कला विभाग नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्यानंतर तो तिथेच अडकतो, म्हणून उगाच बदलून बघू नका. हिंदी चित्रपटांच्या परदेशी आवृत्त्यांना पुष्कळदा स्थानिक नाव असते, विशेषतः जर्मनीत, तेव्हा दिग्दर्शकाच्या नावाने शोधा. एकाच विक्रेत्याकडून चार डिस्क एकत्र मागवा, टपालखर्च वाटला जातो. पार्सलवर 'वापरलेली डीव्हीडी' आणि खरी किंमत लिहायला सांगा. बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात अडकलेली पार्सले बहुधा याच एका ओळीवरून अडकलेली असतात.

तरीही सापडला नाही

कव्हरवरून उतरवलेल्या हक्कदाराच्या पत्त्यावर पत्र टाका. चित्रपटाच्या वितरकांची कार्यालये लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये पिढ्यान्पिढ्या आहेत, तिथे नाव सांगितले तर कोणाकडे विचारायचे ते कळते. अभ्यासासाठी पाहायचा असेल तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली स्थापन झालेले आणि २०२२ पासून एनएफडीसीत विलीन. ते प्रती विकत नाहीत. अर्जात चित्रपटाचे नाव, वर्ष, भाषा, दिग्दर्शक आणि पाहण्याचे कारण स्पष्ट लिहा. आणि होकार आल्याशिवाय पुण्याचे तिकीट काढू नका.